इंग्रजीचा अभ्यास आणि लिहिते यंत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पनागर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे स्मरण करावे आणि थोरांचे गुण गावेत, असा आपल्याकडील संकेत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केले आहे. कार्यवाहांनी मला जो विषय दिला, तो मात्र उद्याचा आहे. किंबहुना आपल्या घरांत तो आजच येऊन बसला आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी इंग्रजीच्या अभ्यासासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घ्यावे किंवा नाही, आणि घ्यावयाचे तर कोणत्या मर्यादेत, असा तो प्रश्न आहे.

पालक म्हणतात, "मुलगा मोबाईलला विषय सांगतो आणि मोबाईल दोन मिनिटांत इंग्रजी निबंध लिहून देतो. याला अभ्यास म्हणावयाचे की नक्कल?" मुले म्हणतात, "वर्गातील सगळेच हे करतात. मग आम्हीच मागे का राहावे?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून दोहोंपैकी कोणालाही दटावून गप्प बसविणे योग्य नव्हे. महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे. त्या अनुभवाच्या आधाराने मी माझे मत आपल्यापुढे मांडतो. ते तपासून घ्यावे, ही विनंती.

प्रथम आपली स्थिती काय आहे ते पाहू. पनागर हे जबलपूरहून सिहोऱ्याकडे व कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. जबलपूर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. परंतु इंग्रजीच्या दृष्टीने पाहिले तर हे अंतर फार मोठे आहे. येथील मराठी घरातला मुलगा आईशी मराठी बोलतो, बाजारात बुंदेली वळणाची हिंदी बोलतो, शाळेत शुद्ध हिंदीतून शिकतो, आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच इंग्रजीशी त्याची गाठ पडते. मध्य प्रदेशात पदवीच्या विद्यार्थ्याला आधार पाठ्यक्रमात हिंदीबरोबर इंग्रजीचाही अभ्यास करावा लागत आला आहे. म्हणजे हा मुलगा तीन भाषांत वावरतो. चौथीशी मात्र त्याची ओळख केवळ कागदावरची असते. इंग्रजीत त्याच्याशी बोलणारे माणूस घरात नाही, आळीत नाही, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलणे प्राध्यापकालाही शक्य होत नाही.

इंग्रजीवाचून अडते कुठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. याच राज्यात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या हिंदी पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन झाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे ध्येय मला मान्य आहे, आणि तिकडे पावले पडत आहेत याचा आनंदही आहे. परंतु ती वाट पूर्ण होईपर्यंत संशोधनाची नियतकालिके, मोठ्या कंपन्यांच्या मुलाखती आणि उच्च न्यायालयांचे कामकाज यांत इंग्रजीचे स्थान राहणारच. आपला मुलगा त्या दारात अडखळला, तर त्याची बुद्धी कमी होती म्हणून तो अडखळला, असा समज होतो, आणि दुर्दैवाने तो स्वतःही तसे समजू लागतो.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढेही होता. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर, आणि पुढे १८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाल्यावर, मराठी माणसे नर्मदेच्या या खोऱ्यात आली व स्थिरावली. १९०४ साली जबलपूरला तोफगाड्यांचा कारखाना निघाला. रेल्वे, न्यायालये आणि शाळा यांतूनही मराठी कर्मचारी आले. नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे, सागर विद्यापीठ १९४६ सालचे, आणि आज राणी दुर्गावतीचे नाव धारण करणारे जबलपूर विद्यापीठ १९५६ सालचे. या सर्व काळात आपली माणसे इंग्रजी शिकली ती कशाच्या बळावर? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरांत गेली. तीत नियम होते, शब्द होते, आणि भाषांतरासाठी वाक्ये होती. वाक्य मात्र विद्यार्थ्याला स्वतः जुळवावे लागे. ते चुके, कोणी तरी वडीलधारा लाल शाईने ते दुरुस्त करी, आणि विद्यार्थी पुन्हा लिही. सारी विद्या त्या "पुन्हा लिही" मध्ये होती.

या परिसरातले एक उज्ज्वल उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी घरात झाला. त्यांचे काही शिक्षण जबलपूरला झाले. या मराठी भाषिक माणसाने १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले; १९२० साली जबलपूरहून सुरू झालेल्या 'कर्मवीर' पत्राच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचा 'गीतारहस्य' हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. मराठी शब्दाला हिंदीत तोलामोलाचा शब्द शोधण्याच्या परिश्रमांतूनच परभाषा ही त्यांची स्वभाषा झाली. आज तेच काम यंत्र काही क्षणांत करून दाखविते. ग्रंथ हवा असेल तर ही मोठी सोय होय. माधवराव सप्रे हवे असतील तर काय करावयाचे, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

आता हे यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले. मागोमाग इतर कंपन्यांची तशीच साधने आली. यांना जनरेटिव्ह म्हणजे नवनिर्मिती करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी मांडलेल्या एका नव्या रचनेवर ती बहुतांशी उभी आहेत. अफाट लिखित मजकूर या यंत्राला पुरविलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दांमागे कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित ते शिकते, आणि त्या गणिताने एकामागून एक शब्द मांडीत जाते. त्यामुळे त्याचे वाक्य घोटीव असते. परंतु घोटीव वाक्य आणि खरे वाक्य यांत फरक आहे. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव, कोणी न लिहिलेला उतारा, न घडलेली घटना हेही ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकते. त्याला पुरविलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा असल्याने त्याची इंग्रजी सफाईदार असते. मराठीत ते अजून अडखळते, आणि बुंदेली तर त्याला बेताचीच कळते.

हे ध्यानात ठेवूनही मी म्हणतो की, पनागरच्या विद्यार्थ्याला या यंत्रात एक अपूर्व संधी आहे. आजवर जे त्याला कधी मिळाले नाही, ते येथे मिळते: इंग्रजीत बोलावयास सोबती, आणि तोही न हसणारा, न कंटाळणारा. आपल्याकडे इंग्रजी न येण्याचे सर्वांत मोठे कारण बुद्धीचा अभाव हे नसून लाज हे आहे. चारचौघांत तोंडून चुकीचा शब्द गेला की हशा पिकतो, आणि त्या हशाच्या भीतीने मूल आयुष्यभर तोंड मिटून बसते. मुलींच्या बाबतीत तर अडचण दुहेरी असते. संध्याकाळी जबलपूरला शिकवणीस पाठविण्यास घरचे कचरतात. मुलाला ते स्वातंत्र्य असते, तिला नसते. अशा मुलीला घरच्या घरी रोज अर्धा तास इंग्रजीत संभाषणाचा सराव करता आला, मुलाखतीचे प्रश्न विचारून घेता आले, तर त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणाला आहे?

दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत. त्या मराठी-हिंदीच्या वळणातून होतात. आपण "जरी पाऊस पडला तरी आम्ही गेलो" असे म्हणतो. म्हणून मूल 'ऑल्दो'ने वाक्य सुरू करते आणि पुढे 'बट' घालते. इंग्रजीला त्यांतला एकच शब्द पुरतो. "हा चित्रपट मी मागच्या वर्षी पाहिला आहे" हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत 'हॅव सीन' म्हटल्यावर 'लास्ट इयर' चालत नाही. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून मूल 'डिस्कस अबाउट' लिहिते. आपल्या भाषेत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती कुठे घालावीत हे त्याला उमगत नाही. व्याकरणाची इंग्रजी पुस्तके या चुका ओळखीत नाहीत, कारण ती आपल्यासाठी लिहिलेली नसतात. परंतु यंत्राला "माझी मातृभाषा मराठी आहे, माझी चूक मला मराठीत समजावून दे, वाक्य मात्र तू दुरुस्त करू नकोस" असे सांगितले, तर ते पुष्कळदा हा उलगडा करून देते. त्याच्या मराठीत वैगुण्य असले, तरी काम भागते. सांगितलेला नियम मात्र व्याकरणाच्या चांगल्या पुस्तकात एकदा पडताळून घ्यावा, हे पथ्य.

अशा रीतीने लाभ सांगितला. आता हानी सांगतो, आणि ती एका कल्पित उदाहरणाने सांगतो.

पनागरचा परिसर मटारासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात येथून मटाराच्या गाड्या दूरदूर जातात. समजा, येथील शेतकऱ्याच्या मुलाला "माझ्या जीवनातील एक दिवस" या विषयावर इंग्रजीत परिच्छेद लिहावयास सांगितले आहे. तो आपल्या परीने लिहितो: 'माय फादर टुक पीज टु मंडी. रेट वॉज व्हेरी लो. ही डिड नॉट सेल. वी फेड टु काउज.' वडिलांनी मटार मंडीत नेला, भाव पडला होता, त्यांनी विकला नाही, आम्ही तो गाईंना घातला. चारच वाक्ये, आणि चारही सदोष. मुलाला भीती वाटते, म्हणून तो यंत्राला म्हणतो, "हे चांगल्या इंग्रजीत लिही." यंत्र पानभर मजकूर देते. त्यात शेतकरी हा समाजाचा कणा असतो, निसर्गाशी त्याचे नाते अतूट असते, संकटातून माणूस चिवटपणा शिकतो, असे सर्व काही असते. व्याकरणात बोट ठेवावयास जागा नसते. फक्त वडिलांनी माल न विकता परत का आणला, आणि मोसमाचा माल गाईंपुढे टाकताना घरात काय झाले, हे त्यात कुठेच नसते. मुलाजवळ सांगण्यासारखे जे होते तेच गेले. आणि त्या बदल्यात त्याला जे मिळाले, ते जगातल्या कोणत्याही मुलाच्या नावावर खपले असते.

याच चार वाक्यांवर दुसऱ्या रीतीने काम होऊ शकते. मुलाने यंत्राला विचारावे, "माझे म्हणणे बदलू नकोस, कोणत्या वाक्यात काय कमी आहे तेवढे सांग." मग त्याला कळेल की 'मंडी' व 'रेट' यांच्या आधी 'द' हवे. त्याहून महत्त्वाची गोष्टही कळेल. "आम्ही गाईंना घातला" असे आपण म्हणतो, तेव्हा काय घातले हे पुन्हा सांगावे लागत नाही; ऐकणारा मागच्या वाक्यावरून जाणतो. इंग्रजी क्रियापदाला तसे चालत नाही. तेथे 'सेल देम', 'फेड देम' असे कर्म उच्चारावेच लागते. ही एक गोष्ट मनात ठसली की त्या मुलाची शेकडो वाक्ये सुधारतील. आणि 'मंडी' हा शब्द बदलून 'मार्केट' करावा किंवा नाही, हे त्याने स्वतः ठरवावे. मी त्याच्या जागी असतो तर 'मंडी' तसाच ठेवला असता. आपल्या गावाचा शब्द इंग्रजीत नेण्याचा अधिकार प्रत्येक लेखकाला आहे.

एकच यंत्र, एकच विद्यार्थी, तीच चार वाक्ये. परंतु एका वाटेने तो शिकला, दुसरीने तो मुका झाला. हा भेद केवळ माझ्या कल्पनेतला आहे असे समजू नये. तुर्कस्तानात सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताच्या बाबतीत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना यंत्र मोकळेपणी वापरू दिले, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी उंचावली. परंतु पुढे यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांनी यंत्र कधी पाहिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा हे विद्यार्थी १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या एका गटाला असे यंत्र दिले होते की जे उत्तर न देता केवळ दिशा दाखवी. त्या गटाची ही हानी जवळजवळ टळली. विषय गणिताचा असला, तरी भाषेला हा निष्कर्ष अधिकच लागू पडावा असे मला वाटते. गणिताचे उत्तर वहीत राहते. भाषा जिभेवर आणि मनात राहावी लागते.

येथे कोणी म्हणेल, मग बंदीच घाला की! काही ठिकाणी तसा विचार झालाही. परंतु बंदी पाळली जाते की नाही, हे ओळखावयाचे कसे? त्यासाठी लेखन यंत्राचे की माणसाचे हे सांगणारी परीक्षक-यंत्रे निघाली. त्यांची कथा आपल्या मुलांच्या दृष्टीने गंभीर आहे. ओपनएआयने स्वतः काढलेले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये, अवघ्या सहा महिन्यांत, मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात परीक्षक-यंत्रे तपासली. टोफेल या इंग्रजी परीक्षेसाठी परभाषिक विद्यार्थ्यांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या यंत्रांपुढे ठेवले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिले आहेत, असा खोटा निर्वाळा मिळाला. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक बिनचूक ओळखले गेले. कारण उघड आहे. परभाषा लिहिणारा माणूस मोजके, ठरावीक शब्द वापरतो, आणि तेच या यंत्रांना संशयास्पद वाटते. याहून विलक्षण गोष्ट अशी की, तेच निबंध चॅटजीपीटीकडून शब्दांनी सजवून घेतले, तेव्हा तो संशय बहुतांशी मावळला!

याचा अर्थ पनागरच्या मुलाच्या बाबतीत काय होतो, पाहा. त्याने रात्र जागून स्वतः साधे इंग्रजी लिहिले तर तो चोर ठरण्याचा संभव. आणि यंत्राकडून नटवून घेतले तर तो सुटण्याचा संभव. ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच चार ओळी बरोबर लिहिल्या, त्याला "ही तू लिहिलेली नाहीस" असे म्हणणे याहून मोठा आघात कोणता? माझी सर्व प्राध्यापकबंधूंना हात जोडून विनंती आहे की, अशा यंत्राच्या एका आकड्यावरून कोणाही विद्यार्थ्याला दोषी ठरवू नये. त्याला समोर बसवावे आणि विचारावे, "बाळ, हे वाक्य असे का लिहिलेस?" ज्याने लिहिले आहे तो मोडक्या इंग्रजीत का होईना, सांगेल. ज्याने लिहिलेले नाही तो गप्प राहील. पाच मिनिटांच्या संभाषणात जे कळते ते कोणत्याही यंत्राला कळत नाही.

वस्तुतः रोग जुना आहे. या यंत्राच्या कितीतरी आधीपासून आपल्या महाविद्यालयांत गाईडे होती, संभाव्य प्रश्नांची उत्तरे असलेल्या पुस्तिका होत्या, आणि सहलीवरचा तोच एक निबंध पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला जात होता. ज्याने कधी सहल पाहिली नाही असा मुलगाही सहलीच्या आनंदाचे इंग्रजी वर्णन करून उत्तीर्ण होत असे. आपली परीक्षा उत्तर तपासते; उत्तरापर्यंत विद्यार्थी कसा आला हे ती पाहत नाही. गाईडाने जे मंदगतीने केले ते यंत्र वेगाने करीत आहे, एवढेच. म्हणून उपायही परीक्षेपासून सुरू झाला पाहिजे. गुणांचा काही भाग तोंडी परीक्षेला असावा. निबंधाबरोबर त्याचा पहिला कच्चा खर्डाही मागावा. विषय असा द्यावा की त्याचे उत्तर आपल्या गावात, आपल्या घरात शोधावे लागेल: पनागरच्या बाजारात शनिवारी काय दिसले, आजीने लग्नाआधीचे कोणते गाव सोडले, घरातील तीन भाषांपैकी कोणती केव्हा बोलली जाते. अशा प्रश्नांची खरी उत्तरे यंत्राजवळ नसतात.

विद्यार्थ्यांना मी तीन नियम सांगेन. ते सोपे आहेत, पण पाळावयास कठीण आहेत. पहिला: आधी आपले, मग यंत्राचे. कोरा कागद यंत्रापुढे कधी ठेवू नये. त्यावर आपल्या हातची सदोष का होईनात, पण दहा वाक्ये असावीत. दुसरा: यंत्राने दाखविलेली प्रत्येक चूक वहीत आपल्या अक्षरात लिहावी, आणि तिचे कारण मराठीत किंवा हिंदीत टिपावे. तिसरा: जे शिकलो ते दुसऱ्या दिवशी कागद न पाहता माणसाशी बोलून दाखवावे. यांखेरीज एक सावधगिरी. घरातील खाजगी गोष्टी, आधारचा क्रमांक, कोणाचे आजारपण, असले काही या यंत्राला सांगू नये. ते आपले खाजगी टिपणपुस्तक नव्हे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही या खाजगीपणाच्या रक्षणावर भर दिला आहे, आणि वर्गात अशा साधनांच्या वापरासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचविली आहे. महाविद्यालयीन मुले त्या वयापलीकडची आहेत. त्यांची धाकटी भावंडे मात्र तोच मोबाईल हाताळतात, हे पालकांनी विसरू नये.

आता शेवटी आपल्या मंडळाविषयी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते. हिंदीच्या या महासागरात आपल्या पनागरच्या घरांतून मराठी टिकली, ती ग्रंथालयाच्या कपाटात मराठी पुस्तके होती म्हणून टिकली नाही. गणेशोत्सवात मुलांनी नाटके बसविली, कोजागरीला बायकांनी गाणी म्हटली, वडीलधाऱ्यांनी नातवंडांशी हट्टाने मराठीत बोलणे चालू ठेवले, म्हणून ती टिकली. ज्या घरांत हे थांबले, त्या घरांत कपाट भरलेले असूनही मराठी गेली. भाषा वापरणाऱ्याची असते, बाळगणाऱ्याची नसते, हा धडा आपण मराठीच्या बाबतीत अनुभवाने शिकलो आहोत. इंग्रजीलाही तोच धडा लागू आहे. यंत्रात जगातली सारी इंग्रजी साठविलेली असली, तरी ती आपल्या मुलाची नव्हे. त्याच्या तोंडून निघेल तेवढीच त्याची.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून इमारतीत एखादी फरशी बसवावी, तशी आठवड्यातून एक संध्याकाळ बसवावी. महाविद्यालयात जाणारी मुलेमुली त्या दिवशी येथे जमतील. प्रत्येकाने आपल्या हातचे एक पान इंग्रजी लिहून आणावे व उभे राहून वाचावे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यांतून व रेल्वेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांनी ऐकावे, प्रश्न विचारावेत, आणि कोणीही हसणार नाही एवढे पाहावे. त्यानंतर एक मोबाईल मध्ये ठेवून यंत्रालाही त्याचे मत विचारावे. ते जेथे बरोबर असेल तेथे मान्य करावे, जेथे चुकेल तेथे त्याची चूक मुलांनीच काढून दाखवावी. ज्या दिवशी पनागरची एखादी मुलगी म्हणेल, "काका, यंत्राने येथे माझा अर्थ बदलला, मला माझेच वाक्य हवे," त्या दिवशी तिला इंग्रजी आले असे समजावे. या उपक्रमाला खर्च जवळजवळ नाही. लागेल ते केवळ सातत्य, आणि सातत्य म्हणजे काय हे पन्नास वर्षे चाललेल्या मंडळाला मी सांगावयास नको.

आपल्या मुलांनी परभाषेच्या दारात भीत भीत उभे राहू नये, आणि उसन्या वाणीने आतही शिरू नये. आपले चार खरे शब्द घेऊन ताठ मानेने आत जावे, एवढीच माझी इच्छा आहे.